विजया : एक वनस्पती, दोन कायदे

ग्रहणी व अतिसारात आपण जातीफलादि चूर्ण योजतो. त्यातील विजया, म्हणजेच भांग, हे द्रव्य दोन कायद्यांच्या कक्षेत येते. त्यांतील भेद वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा केंद्रीय कायदा वनस्पतीच्या अंगानुसार भेद करतो. राळ म्हणजे चरस व फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. ही दोन्ही नियंत्रित आहेत. शेंड्यांविना असलेली पाने व बीजे मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत.

येथेच अनेकांची गफलत होते. पानांचे नियमन राज्यांकडे आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हा ठरतो. त्याच मूळ कायद्याचा वारसा असलेल्या गुजरातने २०१७ मध्ये भांग मादक द्रव्यांच्या यादीतून वगळली. म्हणजेच शेजारच्या राज्यात चालणारा व्यवहार येथे चालेलच असे नाही.

याखेरीज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये भांगेचा समावेश आहे. नियम १६१ प्रमाणे अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत हवी.

म्हणून कच्ची विजया परवान्याविना साठवू नये. तयार कल्प परवानाधारक उत्पादकाकडूनच घ्यावा, त्याचे देयक जपावे व रुग्णपत्रिकेत मात्रा नोंदवावी. शोधनाने द्रव्याचे दोष कमी होतात; आपली कायदेशीर जबाबदारी कमी होत नाही.