इंटरनेटवरील दूरध्वनी आणि अचूक कालमापन

अनेक शासकीय कार्यालयांत व शाळांत जुन्या तांब्याच्या तारेच्या जागी आता इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनी आला आहे. वापरणाऱ्यास यंत्र बहुधा पूर्वीसारखेच दिसते. आतील व्यवस्था मात्र पालटली असून तीतील एक मोठा फरक घड्याळासंबंधीचा आहे.

अंकीय दूरध्वनीत बोलणाऱ्याचा आवाज सामान्यतः दर सेकंदास ८,००० वेळा मोजला जातो. ऐकणाऱ्याकडील यंत्राने ती मोजमापे त्याच गतीने पुन्हा आवाजात रूपांतरित करावयाची असतात. जुन्या अंकीय जाळ्यात ही गती एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्रास संदेशाबरोबरच मिळत असे. मुख्य घड्याळाची चूक दहा हजार कोटींत एका भागाहून अधिक नसावी, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे प्रमाण आहे. अशी दोन घड्याळे परस्परविरुद्ध दिशांनी चुकली, तरी सुमारे ७२ दिवसांत एकदाच एका मोजमापाइतकी घसरण होते.

इंटरनेटवर आवाजाची लहान लहान पाकिटे होतात. बहुधा एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० मोजमापे असतात. पाकिटावर क्रमांक व कालचिन्ह असते. पण पाठविणाऱ्या घड्याळाचा ठोका त्याबरोबर येत नाही. दोन्हीकडील यंत्रे आपापल्या स्फटिक घड्याळावर चालतात.

रहाट हौदात पाणी ओततो आणि हौदातून पाट वाहतो, तसाच हा प्रकार आहे. रहाटाची गती पाटापेक्षा किंचित अधिक असली, तर हौद केव्हातरी भरून वाहणारच. हौद मोठा बांधल्याने ती वेळ केवळ लांबते. दोन स्फटिकांच्या गतीत दहा लाखांत ५० भागांचा फरक असल्यास दर ४०० सेकंदांनी, म्हणजे सात मिनिटांच्या आतच, एका पूर्ण पाकिटाची भर किंवा तूट पडते. संभाषणात चांगले यंत्र ती बोलण्यातील विरामांत सावरून घेते व ऐकणाऱ्यास काही कळत नाही. फॅक्सच्या संदेशात असे विराम नसतात. एक पाकीट गळाले, तर पानाचा काही भाग बिघडतो किंवा जोडणीच तुटते.

गतीइतकीच प्रत्यक्ष तारीख व वेळही महत्त्वाची असते. संभाषण गुप्त राखण्यासाठी यंत्रे परस्परांची प्रमाणपत्रे तपासतात आणि त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. वीज जाऊन आल्यावर एखादे यंत्र १९७० सालची तारीख धरून सुरू झाले, तर आजचे प्रमाणपत्र त्यास अद्याप लागू न झालेले वाटते. मग इंटरनेट चालू असूनही दूरध्वनी मुका राहतो. गावात अपघात घडला असता १२२ नव्हे, ११२ हा क्रमांक फिरवावयाचा हे पाठ असूनही अशा वेळी त्याचा उपयोग होत नाही.

ही वेळ यंत्रास जाळ्यावरील कालसेवकाकडून मिळते. त्यासाठीची पद्धत डेव्हिड मिल्स यांनी विकसित केली व १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. इंटरनेटवर तिची अचूकता काही मिलिसेकंदांपर्यंत असते आणि कार्यालयातील दूरध्वनीस तेवढी पुरते. एकाच लहरीवर आळीपाळीने पाठविणे व ग्रहण करणे ज्यांना करावे लागते, त्या मोबाईल मनोऱ्यांना मात्र सुमारे दीड मायक्रोसेकंदाची अचूकता लागते. त्यासाठी बहुधा उपग्रहांवरील आण्विक घड्याळांचा आधार घेतला जातो.

तो आधारही निर्धोक नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील एक जुना उपग्रह सेवेतून काढला जात असता चुकीची माहिती प्रसारित झाली व काही उपग्रहांकडून मिळणारी वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकली. अनेक ठिकाणच्या दूरसंचार यंत्रणांत त्यामुळे काही तास धोक्याचे इशारे वाजत राहिले. म्हणूनच मोठी केंद्रे उपग्रहाखेरीज स्वतःचे रुबिडियम किंवा सीझियम घड्याळही बाळगतात.

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही आपल्या यंत्रणांची वेळ या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या कालसेवकाशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या कालसेवकाशी, जुळवावयाची आहे. वीज आल्यावर दूरध्वनी लागत नसल्यास तार उपसण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावरील तारीख पाहावी.