पाऊस कर्जतला, पाणी आपल्या दारी

१. नदीचा अंदाज आपल्या डोक्यावरच्या पावसावरून बांधू नये. इथे विठ्ठलवाडीत नुसती भुरभुर असते आणि तिकडे बदलापूरला उल्हास नदी पात्र सोडते. तिचे पाणी राजमाची, कर्जत, नेरळच्या डोंगरांवरून येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

२. मोसमाच्या एकूण पावसाचा आकडा फसवा. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते, आणि ते पडते तेव्हा एकदमच पडते. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. आठवडाभराची झड जमिनीत मुरते. तेवढाच पाऊस एका रात्रीत कोसळला तर माती वरवर भिजते, बाकी सगळे ओढ्यात. मग पावसाळ्यात पूर मोठा आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ लवकर दिसतो.

३. तरी सगळे खापर हवामानावर फोडू नये. आमच्याकडे हल्ली गटार तुंबले तरी लोक ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून मोकळे होतात! वालधुनी नदी काकोळ्याच्या बाजूने निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून, उल्हासनगरातून आपल्याकडे येते. वाटेत दोन्ही काठ भरावाने आवळलेले, भोवती सिमेंट. एवढ्याशा खोऱ्यात पाणी मुरायला जागाच उरली नाही, तर काही तासांचा जोरही पुरतो. २६ जुलै २००५ च्या पुरात तेच झाले. तापमानवाढ या आगीत तेल ओतते. आग आपण लावलेली.

४. भरतीचे वेळापत्रक घरात हवे. खाडी भरली असेल तर वालधुनीला पुढे वाटच नसते.

५. उन्हाळ्यातली उल्हास बरीचशी उसनी असते. भीमेच्या खोऱ्यातल्या आंध्रा नदीवरचे ठोकरवाडी धरण. तिथले पाणी टाटांच्या भिवपुरी केंद्रात वीज करून उल्हासमध्ये सुटते. आपल्या नळांची भिस्त त्यावर. तिकडे धरणाच्या मावळात पाऊस लांबला किंवा उन्हाने धरण जास्त आटले, तर टंचाई इकडे येते.

६. जुलैत रात्री झोपण्याआधी बदलापूरची पाणीपातळी विचारा. तिथली धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे.