पत्र्याचे घर थंड कसे ठेवाल?

[उन्हाळ्यात पत्र्याचे घर फार तापते. घरच्या घरी, थोड्या खर्चात ते थंड कसे ठेवता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेथील अनेक जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा विटांच्या असतात आणि वर पत्र्याचे छप्पर असते. दुपारी अशा घरात पंखाही गरम हवाच फेकतो. रात्रपाळी करून आलेल्या यंत्रमाग कामगाराला दिवसा झोप हवी असते. पण पत्र्याखाली त्याचा डोळा लागत नाही. म्हातारी दादी घरातच असते, तान्हे बाळही घरातच असते. उष्माघात केवळ उन्हात फिरणाऱ्यांनाच होतो असे नाही. तापलेल्या खोलीतही तो होऊ शकतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. म्हणून घर थंड ठेवणे ही चैन नाही, ती गरज आहे.

उष्णता घरात येते कशी?

वहन, अभिसरण आणि प्रारण हे शब्द तुम्ही विज्ञानाच्या तासाला ऐकले असतील. तुमच्या घराच्या छपरावर हे तिन्ही प्रकार पाहायला मिळतात. सूर्याची उष्णता प्रारणाने पत्र्यावर येते. पत्रा पातळ असतो आणि धातूचा असतो. त्यामुळे वहनाने ती लगेच आतल्या बाजूला पोचते. मग तापलेला पत्रा खाली बसलेल्या माणसावर उष्णता फेकत राहतो. घरातली हवाही तापते आणि अभिसरणाने छपराखाली साचते. तिला बाहेर जायला वाट नसेल, तर सारी खोली तापते.

यावरून तीन उपाय सुचतात. ऊन छपरावरूनच परत पाठवावे. जी उष्णता आत येईल ती वाटेत अडवावी. जी साचेल ती बाहेर काढावी.

पहिला उपाय : पांढरे छप्पर

जुना पत्रा गंजून तपकिरी होतो आणि ऊन शोषून घेतो. पांढरा रंग मात्र बरेचसे ऊन परत पाठवतो. म्हणून मार्च महिन्यातच पत्रा झाडून घ्यावा. गंज तारेच्या ब्रशाने घासून काढावा. सैल झालेले बोल्ट आवळावेत. मग छपरासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग दोन हात द्यावा. पैसे कमी असतील तर चुनाही चालतो. पण तो पावसाने धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी उकळू लागते आणि शिंतोडे डोळ्यांत जाऊ शकतात. ते काम मोठ्या माणसांनीच करावे.

या उपायाने खोलीचे तापमान साधारणपणे २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेपासून बचावाची योजना आखली. पुढे तेथील गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्यात आला. तेलंगणा राज्याने २०२३ साली थंड छपरांविषयी धोरणच जाहीर केले.

दुसरा उपाय : पत्र्याखाली दुसरे छत

स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक आहे. रजई आपल्याला ऊब देते, ती तिच्या कापसात अडकलेल्या हवेमुळेच. हीच युक्ती छपराला लागू पडते. पत्र्याखाली एक वीत जागा सोडून बांबूच्या चटया बांधाव्यात. आता तापलेल्या पत्र्याचे प्रारण चटईवर पडेल, तुमच्या डोक्यावर नाही. मधल्या जागेत साचणारी गरम हवा बाहेर जावी म्हणून समोरासमोरच्या भिंतींत, पत्र्याच्या लगत, झरोके ठेवावेत. त्यांना जाळी लावावी, म्हणजे उंदीर व पाखरे आत येणार नाहीत.

एक गोष्ट विसरू नका. चटई, गोणपाट आणि थर्माकोल या वस्तू पेट घेतात. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर त्या लावू नयेत. विजेच्या तारा उघड्या असतील तर आधी त्या दुरुस्त करून घ्याव्यात.

तिसरा उपाय : भिंती आणि खिडक्या

मातीची जाड भिंत हळूहळू तापते. म्हणून ती पाडण्याची घाई करू नये. दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येते. तिच्याबाहेर चटई टांगावी किंवा वेल चढवावा. दुपारी खिडक्या बंद ठेवाव्यात व रात्री उघडाव्यात, म्हणजे थंड हवा आत येईल. उर्दूत ज्याला आपण खस म्हणतो, त्याला मराठीत वाळा म्हणतात. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की पाण्याची वाफ होते आणि तेथून येणारी हवा थंड होते. मालेगावच्या कोरड्या हवेत हा पडदा चांगले काम देतो. भिवंडीच्या दमट हवेत तितका देत नाही, कारण तेथे पाणी लवकर उडून जात नाही.

सावधगिरी

छपरावर चढण्याचे काम मुलांचे नाही. मोठ्यांनीसुद्धा बोल्टांच्या रांगेवरच पाय ठेवावा, कारण तिच्याच खाली आधार असतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. तो पत्रा घासू नये, कापू नये, त्याला भोके पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर गंभीर आजार होतात. शिवाय तो पायाखाली अचानक फुटतो.

तुमचे काम कोणते?

तुमचे काम मोजण्याचे आहे. खोलीच्या मध्यभागी तापमापक टांगा. रोज दुपारी तीन वाजता खोलीतले आणि बाहेर सावलीतले तापमान वहीत लिहा. रंग देण्यापूर्वी पाच दिवस आणि दिल्यानंतर पाच दिवस असे करा. केवळ खोलीचे तापमान पाहून निर्णय देऊ नका. एखाद्या दिवशी आभाळ आले तरी खोली थंड होते. आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतला फरक पाहा. सगळे उपाय एकदम परवडत नसतील, तर पांढऱ्या छपरापासून सुरुवात करा. आत आलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा तिला दारातच अडवणे सोपे असते.

शब्दार्थ

डोळा लागणे - झोप येणे
चैन - मौजेसाठी केलेला खर्च
मंदवाहक - ज्यातून उष्णता सहज जात नाही असा
चुनकळी - भाजलेला, पाणी न घातलेला चुना
वीत - अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पसरलेल्या हाताची लांबी
झरोका - हवेसाठी भिंतीत ठेवलेली लहान खिडकी
दमट - ओलसर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यंत्रमाग कामगाराला दिवसा झोप का हवी असते?
(आ) चुना दरवर्षी का द्यावा लागतो?

२. कारणे लिहा.
(अ) वाळ्याचा पडदा भिवंडीपेक्षा मालेगावात अधिक उपयोगी पडतो.
(आ) केवळ खोलीचे तापमान पाहून निर्णय देऊ नये.

३. अनेकवचन लिहा : पत्रा, भिंत, खिडकी, छप्पर.

४. पडदा, मजूर, खर्च, कारखाना हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे दोन्ही भाषांतील उच्चार ताडून पाहा आणि प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

५. तुमच्या घरातील सर्वांत तापणारी खोली कोणती? ती थंड करण्यासाठी काय कराल, ते आठ ओळींत लिहा.