न जळणारा धागा

शाळेच्या प्रयोगशाळेतील जुने कपाट उघडले, तर त्यात तारेच्या काही जाळ्या सापडतील. बर्नरवर चंचुपात्र तापवताना मध्ये ठेवतो ती ही जाळी. तिच्या मधोमध पांढरट गोल लेप असतो. नव्या जाळ्यांत तो चिनी मातीसारख्या पदार्थाचा असतो. पूर्वी तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. हा बदल का करावा लागला? आणि जो पदार्थ जाळीतून काढून टाकला, तोच शाळेच्या किंवा घराच्या छपरात असेल तर?

अ‍ॅस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे खनिज आहे. खरे तर सहा तंतुमय खनिजांना मिळून हे नाव आहे. त्यांपैकी पांढरा, निळा आणि तपकिरी हे तीन प्रकार जास्त वापरले गेले. दगड असूनही तो कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत निघते, कापड विणता येते. तो जळत नाही, कुजत नाही आणि उष्णतेचा दुर्वाहक आहे. त्यामुळे विसाव्या शतकात वाफेच्या नळांवरील वेष्टन, मोटारींचे ब्रेक, अग्निरोधक दारे, सांडपाण्याचे पाइप आणि छपराचे पत्रे अशा असंख्य वस्तूंत त्याला जागा मिळाली.

आता हा तंतू किती बारीक असतो ते पाहू. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा सुटा तंतू त्याच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असू शकतो. असे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि ते तासन्‌तास हवेत तरंगतात. नाकातील केस व श्वासनलिकेतील चिकट स्राव नेहमीची धूळ अडवतात; पण हे तंतू थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी परकीय कण गिळून टाकतात. लांब तंतू मात्र त्या पेशीहूनही लांब असतो. तो पुरता गिळला जात नाही. पेशी मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये बाहेर पडतात आणि तंतू तेथेच राहतो. आगीत न जळणारा धागा शरीरातही सहजासहजी नष्ट होत नाही.

याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. फुप्फुसात व्रण पडून ते ताठर होते व दम लागतो, हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. दुसरा, फुप्फुसाचा कर्करोग. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी बहुतेकांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी संबंध होता. आणि त्यांत खाणीत कधीच काम न केलेलीही माणसे होती!

हे रोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. म्हणूनच १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी. पन्नासहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे मात्र पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आयात करून त्याचे सिमेंटचे पत्रे बनवले जातात.

मग अशा पत्र्याखाली बसणेच धोक्याचे का? येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. पॅरिसमधील झ्युसियू या विद्यापीठ-संकुलात आगीपासून संरक्षण म्हणून लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप फवारला होता. असा लेप भुसभुशीत असतो. नुसत्या धक्क्यानेही त्याचे तंतू सुटतात. तो काढण्याचे काम १९९६ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये संपले. म्हणजे एक संकुल स्वच्छ करायला वीस वर्षे लागली! आपल्या छपराच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस साधारण दहावा हिस्सा असतो आणि तो सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असतो. पत्रा धड असेल तर फार थोडे तंतू सुटतात. पण पत्रा करवतीने कापला, भोक पाडले, फोडला किंवा घासला, की बांधलेले तंतू मोकळे होतात. ऊन-पावसाने जुना पत्रा झिजतो, तेव्हाही ते सुटू लागतात. किती तंतूंपर्यंत धोका नाही, अशी सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही. तेव्हा तंतू हवेत जाऊच न देणे हाच खरा उपाय.

पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे छपरांची डागडुजी निघते. हूक बसवायला भोके पाडतात, शेवाळ खरवडतात, फुटके तुकडे अंगणात टाकतात. मुले ते घेऊन खेळतात. येथेच सावध राहायला हवे.

लक्षात ठेवा :

१. जुना सिमेंटचा पत्रा, पाइप किंवा जाळीवरचा लेप खरवडू नका, फोडू नका. नुसते पाहून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. तोवर तो आहे असेच समजा.

२. पत्रा फुटला तर दूर व्हा आणि शिक्षकांना वा घरच्या मोठ्यांना सांगा. तो चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. तोंडावर रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत.

३. पत्रे काढायचे असतील तर मोठ्यांनी जाणकार माणसाकडून, योग्य मुखवटा वापरून, पाण्याने भिजवून आणि न फोडता अख्खे उतरवावेत.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. वर्गात अंधार करून उन्हाची एकच तिरीप आत येऊ द्या आणि डस्टर झटका. खडूचे कण किती वेळ तरंगतात ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. मग सांगा, की अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू याहूनही बारीक असतो. त्यानंतर शाळेच्या इमारतीत सिमेंटचे पत्रे कोठे आहेत, त्यांतले कोणते तडकलेले आहेत, याची यादी हात न लावता, जमिनीवरूनच करा आणि ती मुख्याध्यापकांना द्या. यंदाची डागडुजी सुरू होण्यापूर्वी ती त्यांच्या हाती पडली, तर तिचा नक्की उपयोग होईल.