अंगावरचे दूध आणि मुलांचा मधुमेह

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी खानापूर तालुक्यात मावशीकडे गेलो होतो. तिचा नऊ वर्षांचा मुलगा पूर्वी अंगणात घटकाभरही स्वस्थ बसत नसे. तो या वेळी अगदी रोडावलेला दिसला. दोन महिन्यांपूर्वी त्याला सारखी तहान लागू लागली, रात्री अंथरूण ओले होऊ लागले आणि एके दिवशी ग्लानी येऊन त्याला बेळगावला दवाखान्यात न्यावे लागले. निदान झाले मधुमेहाचे. तेव्हापासून त्याला रोज इन्शुलिनची सुई घ्यावी लागते.

पण मावशीला सुईपेक्षाही जास्त टोचत होते ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईंचे वाक्य : “अंगावर पाजली असतीस तर पोराला हे झालं नसतं बघ.” बाळंतपणानंतर मावशी तापाने फणफणली होती. तिला दूध आले नाही आणि मूल डब्याच्या दुधावर वाढले. चुलीपुढे बसून तिने मला विचारले, “तू सायन्स शिकतोस न्हवं? मग खरं काय ते सांग की.”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. कॉलेजात परतल्यावर प्राध्यापकांच्या मदतीने जे वाचले, ते या लेखात मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मधुमेह हे एकच नाव असले तरी त्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. आपल्या स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. पॉल लँगरहॅन्स याने विद्यार्थिदशेतच, १८६९ साली, त्यांचे वर्णन केले. या पुंजक्यांतील काही पेशी इन्शुलिन तयार करतात. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच घरच्या माणसाला चोर समजून या पेशींचा नाश करते. मावशीच्या मुलाचा मधुमेह हा असा. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण त्याचा प्रभाव पुरेसा पडत नाही. हा बहुधा प्रौढपणी आणि अनेकदा लठ्ठपणाबरोबर येतो. आता तो कुमारवयातही दिसू लागला आहे.

पहिल्या प्रकाराचा दुधाशी संबंध असावा अशी शंका १९८४ मध्ये स्कँडिनेव्हियातील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. गाईच्या दुधातील प्रथिने कोवळ्या आतड्यातून रक्तात शिरतात आणि त्यामुळे संरक्षक यंत्रणेचा गोंधळ उडतो, असा एक तर्क पुढे आला. तो तपासण्यासाठी १५ देशांत मोठा प्रयोग झाला. घरात आधीच हा मधुमेह असलेल्या आणि आनुवंशिक धोका असलेल्या २,१५९ बाळांना दोन गटांत विभागले. आईच्या दुधाला जोड म्हणून एका गटाला नेहमीचे डब्याचे दूध दिले, तर दुसऱ्याला प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास दूध. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खास दुधाच्या गटात ८.४ टक्के आणि नेहमीच्या दुधाच्या गटात ७.६ टक्के मुलांना मधुमेह झाला होता. म्हणजे खास दुधाचा काहीच फायदा दिसला नाही.

मग अंगावरच्या दुधाचा काहीच संबंध नाही काय? तसेही म्हणता येत नाही. नॉर्वे व डेन्मार्कमधील १,५५,३९२ मुलांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगावर मुळीच न प्यालेल्या मुलांत या मधुमेहाचा धोका प्यालेल्यांच्या दुपटीहून थोडा अधिक आढळला. मात्र जी मुले प्याली, त्यांच्यात कमी महिने की जास्त महिने याने फरक पडला नाही.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकून छाती दडपते, म्हणून जरा गणित करू. त्या पाहणीत ५०४ मुलांना मधुमेह झाला, म्हणजे हजारी सुमारे तीन. अंगावर न प्यालेल्यांत हजारी सात-आठ धरले, तरी उरलेल्या नऊशे नव्वदांहून अधिक मुलांना तो होत नाही. शिवाय मुलांमधील या मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्ये, आणि तिथे बहुतेक सर्व माता बाळाला अंगावर पाजतात! म्हणजे मुळाशी आनुवंशिकता आहे. भोवतालची इतरही कारणे असावीत. एकट्या दुधावर सगळा दोष लादता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराबाबत १९९७ मध्ये अमेरिकेतील पिमा आदिवासींची पाहणी प्रसिद्ध झाली. या जमातीत मधुमेह फार. पहिले दोन महिने केवळ आईचे दूध प्यालेल्यांना पुढे तो बाटलीवर वाढलेल्यांपेक्षा बराच कमी झाला होता. पण अंगावर पाजणाऱ्या घरांत आहार, शिक्षण, राहणी यांतही फरक असू शकतो. बेलारूसमध्ये ३१ रुग्णालयांतील सतरा हजार बाळांवर प्रयोग झाला. काही रुग्णालयांत मातांना स्तनपानासाठी खास मार्गदर्शन केले आणि त्यांनी अधिक काळ पाजलेही. तरी साडेअकराव्या वर्षी मुलांच्या लठ्ठपणात घट दिसली नाही. आपल्याकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपली बाळे वजनाने कमी पण मानाने चरबी अधिक अशी जन्मतात. तेव्हा मधुमेहाची बीजे गर्भावस्थेतही शोधावी लागतात.

यावरून कोणी स्तनपानाला कमी लेखू नये. जुलाब आणि श्वसनाचे विकार यांपासून ते बाळाचे रक्षण करते, याविषयी वाद नाही. जन्मल्यावर तासाभरात पाजावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तासाभरात पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण जेमतेम ४२ टक्के होते. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो, आपले कन्नड शेजारी त्यालाच ‘गिण्णू’ म्हणतात. आणि आईचा चीक मात्र कित्येक घरांत पिळून टाकतात व बाळाला मध चाटवतात! याला काय म्हणावे?

संक्रांतीला मी पुन्हा मावशीकडे गेलो. म्हटले, “मावशी, आईचे दूध मोलाचे खरे, पण तो काही ताईत नव्हे. तुझ्या तापामुळे मुलाला मधुमेह झाला असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.” त्या वडीलधाऱ्या बाई दाराआड उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण जेवणाच्या आधी त्यांनीच नातवाला हाक मारली, “ये रे, आधी सुई घे, मग बस.”

वाचकांना एवढीच विनंती आहे. एखाद्या मुलाला सतत तहान, वारंवार लघवी, रात्री अंथरूण ओले होणे आणि वजन घटणे अशी चिन्हे दिसली, तर दोष कोणाचा हे शोधत बसू नका. त्याच दिवशी त्याची रक्तातील साखर तपासून घ्या.