वार, सेरोटोनिन आणि मातेचे मन

सेरोटोनिन म्हटले की मेंदू आणि नैराश्य आठवते. वस्तुतः शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि रक्तातील प्लेटलेट पेशी ते वाहून नेतात. १९४८ साली ते रक्ताच्या सीरममधून वेगळे करण्यात आले, तेव्हा त्याची ओळख रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य एवढीच होती. गर्भारपणात मात्र त्याचे कार्य फार व्यापक असते. सतवाससारख्या गावात प्रसूतिपूर्व तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना उपयोगी पडेल, एवढ्या मर्यादेत मी हा विषय मांडत आहे.

वारेचे कार्य

प्रसूतीनंतर वार पूर्ण पडली की नाही, हे आपण पाहतो आणि तिला विसरतो. परंतु नऊ महिने हाच अवयव गर्भाचे फुफ्फुस, आतडे आणि मूत्रपिंड असतो. माता आणि गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही; मधल्या पेशींच्या थरातून देवघेव चालते. याच थरावर सेरोटोनिन आत घेणारे वाहक प्रथिन असते आणि जादा सेरोटोनिनचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकरही वारेत असते. सेरोटोनिन वाजवीपेक्षा वाढले, तर नाळेच्या रक्तवाहिन्या आकुंचित होऊ शकतात. म्हणून ही राखण महत्त्वाची.

२०११ साली बोनिन, लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, गर्भाच्या मेंदूतील सेरोटोनिन-निर्मिती पुरेशी होण्यापूर्वी वार मातेकडून आलेल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवून गर्भाच्या अग्रमेंदूला पुरवते. मानवी वार ते स्वतः किती बनवते आणि मातेच्या रक्तातून किती घेते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. ट्रिप्टोफॅनचा दुसरा मार्गही मोलाचा आहे: वारेतील एक विकर त्याचे विघटन करते आणि त्यामुळे मातेची प्रतिकारशक्ती गर्भाला परका मानून नाकारत नाही, असे १९९८ साली उंदरांत दिसून आले.

आहाराचा विचार

ट्रिप्टोफॅन शरीरात तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. मक्याच्या प्रथिनांत ते कमी असते. डाळी, दूध, शेंगदाणे आणि आपल्या माळव्यात मुबलक पिकणारे सोयाबीन यांतून ते मिळते. त्याचे सेरोटोनिन होण्यास लोह आणि ब-६ जीवनसत्त्वही लागते. अमुक पदार्थ खाल्ल्याने मन प्रसन्न होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. गर्भवतीच्या ताटात रोज वरण, दूध किंवा उसळ असावी आणि लोहाच्या गोळ्या चुकू नयेत, एवढाच बोध घ्यावा.

औषधांचा प्रश्न

“डॉक्टरसाहेब, सूनबाईला दिवस गेले आहेत, मनाच्या गोळ्या आता बंद करू ना?” हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. एस.एस.आर.आय. गटातील औषधे वार ओलांडतात, हे खरे. शेवटच्या तिमाहीत ती घेतल्यास काही नवजात बालके काही दिवस चुळबुळी राहतात किंवा जलद श्वास घेतात. बहुधा हा त्रास आपोआप शमतो. फुफ्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा धोका किंचित वाढतो, पण तो मुळातच विरळ आहे. पॅरॉक्सेटिनबाबत २००५ पासून हृदयदोषांसंबंधी विशेष सावधगिरी सांगितली जाते. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात उपचाराविना राहिलेले नैराश्य असते: अपुरा आहार, चुकलेल्या तपासण्या, अकाली प्रसूती आणि क्वचित आत्महत्या. म्हणून औषध परस्पर बंद करू नये. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून, शक्यतो गर्भधारणेपूर्वीच, निर्णय घ्यावा.

हा प्रश्न दुर्मिळ नाही. गोव्यातील मातांवर पटेल, रॉड्रिग्ज आणि डिसूझा यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी, पतीशी बेबनाव आणि मुलगी झाल्याचे दुःख ही त्यामागील कारणे होती. तेथे रसायनशास्त्र अपुरे पडते. घरच्यांचे वागणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

वैद्यक-बंधुभगिनींना माझी विनंती अशी, की वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांच्या नोंदीबरोबर “झोप लागते का? मन कशात रमते का?” हे दोन प्रश्नही प्रत्येक गर्भवतीला एकांतात विचारावेत. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लावावा. कुटुंबीयांनीही गर्भवतीचे रडणे “लाड” म्हणून उडवून लावू नये. वार आपले काम निमूटपणे करीत असते. तिला सांभाळणाऱ्या मातेला सांभाळणे हे आपले काम आहे.