ऊब आपलीच असते, दुलई ती राखते

३० जानेवारी २०१९. मिनियापोलिसला त्या पहाटे पारा उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि रात्री दोनच्या सुमारास आमचं घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला. दुरुस्तीवाला दुपारपर्यंत येणार नव्हता. मी, नवरा आणि धाकटी लेक एकाच पलंगावर निजलो. अंगाखाली आईची गोधडी, अंगावर डाऊनच्या दोन दुलया. सकाळी घरातलं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं होतं, पण पांघरुणात लेकीचे पाय कोमट होते.

साताऱ्याहून इथं आल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तोवर मी एक दुलई चुकीची घेतली होती, एक धुताना घालवली होती आणि एक चुकीच्या गावी पाठवली होती. त्यातून जे शिकले ते इथं लिहिते. दर वर्षी आपली कितीतरी मुलं थंड देशांत शिकायला जातात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना याचा उपयोग व्हावा.

१. ऊब कुठून येते ते आधी समजून घ्यावं.
डाऊन म्हणजे साधं पीस नाही. बदकं आणि गूज (पाळीव हंस) यांच्या पोटाछातीवर वरच्या पिसांखाली बारीक लव असते, ती डाऊन. तिला मधली कडक काडी नसते. उन्हाळ्यात रुईची म्हातारी उडते ना, तसा तिचा प्रत्येक झुबका असतो, मधून सगळीकडे तंतू फुललेले. त्या तंतूंत हवा अडकून राहते आणि हलत नाही. म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही. दुलई स्वतः गरम नसते, ती आपलीच ऊब राखते. थोडक्यात, आपण पैसे मोजतो ते फुलण्यासाठी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

२. पाकिटावरचे दोन आकडे एकत्र वाचावेत.
पहिला आकडा फिल पॉवरचा. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन किती घन इंच जागा व्यापतं, ते तो सांगतो. ७०० असेल तर तेवढ्याशा डाऊननं साधारण साडेअकरा लिटर जागा भरते. ६०० ते ७०० घरच्या वापराला उत्तम. दुसरा आकडा आत भरलेल्या डाऊनच्या वजनाचा. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर दुलई दिसायला छान, पण पातळ. माझ्या आताच्या क्वीन मापाच्या दुलईत ७०० फिल पॉवरचं ३५ औंस डाऊन आहे, म्हणजे सुमारे एक किलो. इथल्या हिवाळ्याला ते पुरतं.

लेबलावरचे शब्दही नीट वाचावेत. अमेरिकेत नुसतं ‘डाऊन’ लिहायचं तर आत किमान ७५ टक्के डाऊन असावं लागतं. माझ्या पहिल्या दुलईवर ‘फेदर अँड डाऊन’ असं होतं आणि फेदर हा शब्द मी वाचून सोडून दिला. महिन्याभरात काड्या कापडातून टोचू लागल्या.

३. शिवण उजेडात धरून बघावी.
आई गोधडीला धावदोरा घालायची तो वरच्या लुगड्यापासून खालच्या लुगड्यापर्यंत आरपार. गोधडीत थरावर थर असतात, ते घट्ट बसावेत म्हणून ते बरोबरच. डाऊनच्या दुलईत मात्र आरपार टाका पडला की त्या रेषेवर डाऊन उरतच नाही, दोन कापडं एकमेकांना चिकटतात आणि तिथून थंडी शिरते. जाड दुलईत वरच्या आणि खालच्या कापडाच्या मध्ये उभ्या पट्ट्या शिवून कप्पे केलेले असतात. त्याला बॅफल बॉक्स म्हणतात. दुकानात दुलई खिडकीसमोर धरा. शिवणीच्या रेषांतून उजेड सरळ आला तर टाका आरपार आहे. उन्हाळ्यासाठी तशी चालते, जानेवारीसाठी नाही.

कापडाच्या थ्रेड काउंटच्या, म्हणजे धाग्यांच्या, हजाराच्या आकड्याला भुलू नये. लव बाहेर पडू नये इतकी वीण घट्ट हवी, त्याला तीनशेच्या आसपास पुरतं. कापड जड झालं की त्याच्याच भारानं डाऊन दबतं.

४. माप माणसं बघून घ्यावं.
पलंगाच्या दोन्ही बाजूंना दुलई वीतभर तरी उतरली पाहिजे, नाहीतर कूस बदलताच पाठ उघडी पडते. जर्मनीत आणि उत्तर युरोपात नवरा-बायको एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणं घेतात. मला आधी ते परकं वाटलं. पण नवऱ्याला उकडायचं आणि मला थंडी वाजायची. दोन दुलया घेतल्यापासून दोघंही रात्रभर झोपतो.

५. गरजेपेक्षा गरम घेऊ नये.
दुकानात सगळ्यात फुगलेली दुलई उचलावीशी वाटते. पण घरात रात्री अठरा-वीस अंश राहत असतील तर मध्यम वजनाची पुरे. जास्त झाली की घाम येतो, घामानं डाऊन ओलसर होतं, ओलसर डाऊन चिकटून बसतं आणि पहाटे त्याच दुलईत थंडी वाजते. ब्रिटनमध्ये दुलईवर टॉगचा, म्हणजे उबेच्या मापाचा, आकडा असतो, साडेचार उन्हाळ्याचा, साडेतेरा कडक हिवाळ्याचा. तिथल्या मुलांनी तो बघून घ्यावा.

६. पक्ष्याचं ऋण विसरू नये.
बहुतेक डाऊन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचं असतं. पण काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची लव उपटली जाते, घशात बळजबरीनं खाणं कोंबलं जातं. हे मला कळलं तेव्हा घरातल्या दुलईकडे बघवेना. २०१४ मध्ये रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र सुरू झालं. त्यात या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. आता ते चिन्ह नसेल तर मी दुलई हातात घेत नाही. ज्यांना पक्ष्याचं काहीच नको त्यांनी पॉलिएस्टर भरलेली निःशंक घ्यावी. तेवढ्याच उबेला ती थोडी जड पडते, पण धुवायला सोपी असते. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

७. पहिल्या रात्रीपासून खोळ घालावी.
खोळ दोन आठवड्यांनी धुवावी, म्हणजे दुलई दोन-तीन वर्षं धुवावी लागत नाही, आणि जितकी कमी धुवाल तितकी ती टिकते. चारही कोपऱ्यांना आतून बांधायचे बंद असलेली खोळ घ्यावी. बंद नसले तर दुलई आत गोळा होऊन पायाशी जाते. सकाळी लगेच घडी न घालता ती अर्धा तास उघडी टाकावी, रात्रीचा दमटपणा निघून जातो.

८. धुवायला एक तास, वाळवायला अख्खा दिवस ठेवावा.
दुसरी दुलई मी इथंच घालवली. धुतली, दीड तास ड्रायरमध्ये फिरवली, वरून कोरडी लागली म्हणून घडी घालून ठेवली. चौथ्या दिवशी कुबट वास सुटला. आतले गोळे ओलेच राहिले होते. तो वास पुन्हा कधी गेला नाही.

आता मी असं करते. आधी शिवण तपासते, उसवली असेल तर दोन टाके घालते. घरच्या लहान यंत्रात दुलई कोंबत नाही, लॉन्ड्रोमॅटमधल्या मोठ्या, पुढून दार असलेल्या यंत्रात धुते. मध्ये खांब फिरणाऱ्या यंत्रात कापड फाटू शकतं. डाऊनसाठी मिळणारा सौम्य साबण, तोही थोडाच. ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही. साबण राहिला तर तंतू चिकटतात, म्हणून दोनदा खळबळून घेते. ओली दुलई फार जड होते, तिला खालून दोन्ही हातांनी आधार देऊन उचलते. मग ड्रायर अगदी मंद आचेवर, आत तीन स्वच्छ टेनिस बॉल. ते आपटत राहतात आणि गोळे फुटतात. दर अर्ध्या तासानं बाहेर काढून झटकते, गाठी बोटांनी सोडवते. तीन-चार तास सहज लागतात. कोरडी वाटली तरी आणखी एक फेरी देते. शेवटी उजेडासमोर धरून बघते. काळसर गोळा दिसला तर ओल आहे.

९. बाहेर डोकावणारं पीस उपटू नये.
एक ओढलं की भोक मोठं होतं आणि मागोमाग आणखी येतात. दुसऱ्या बाजूनं चिमटीत धरून ते आत ओढावं आणि बोटानं कापड चोळावं. वीण पुन्हा मिटते.

१०. उन्हाळ्यात दाबून ठेवू नये.
हवा शोषून चपट्या करणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या दुलईसाठी वाईट. महिनोन्‌महिने दबलेले तंतू मोडतात आणि पुन्हा पुरते फुलत नाहीत. आईच्या जुन्या सुती साडीची मोठी पिशवी मी शिवली आहे. तिच्यात दुलई सैल घडी करून कपाटात सर्वांत वर ठेवते, तिच्यावर काही नाही. गोधडीला आपण दिवसभर ऊन दाखवतो तसं हिला दाखवू नये. सावलीत, वाऱ्यावर दोन तास पुरे. इथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी बाहेर टाकली तरी ती छान फुलते.

११. प्रत्येक गावाचं पांघरूण वेगळं असतं.
एकदा मोठ्या हौसेनं सासूबाईंना चिपळूणला दुलई पाठवली. त्यांनी ती जपून ठेवली. पण कोकणातल्या पावसाची हवा तिच्यात शिरली आणि गणपतीपर्यंत ती ओल्या कापसासारखी बसली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “अगो, चांगली वस्तू ती, पण इथली नव्हे.” त्या बरोबर बोलल्या. दमट गावाला सुती चादर आणि गोधडीच खरी.

१२. जड पांघरूण दुलईच्या वर घालू नये.
खूप थंडी पडली की वरून ब्लँकेट, शाल, कोट असं रचत जावंसं वाटतं. त्या भारानं डाऊन चेपतं, आतली हवा जाते आणि ऊब कमी होते. वाढीव पांघरूण दुलईच्या आत, अंगालगत घ्यावं किंवा खाली अंथरावं. पाठीखालूनही बरीच थंडी येते.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. दुलई तिथं गेल्यावर घ्या, दोन्ही आकडे वाचून, उजेडात धरून घ्या. पण आईची गोधडी बॅगेत नक्की टाका. गोधडी अंगाखाली अंथरा आणि दुलई अंगावर घ्या.